थुंकीनं पुसलेली ओळ

मी एक वही बोलतेय. वाचायला बसणार असाल तर आधी हात धुऊन या, आणि मेहरबानी करून बोट जिभेला लावू नका. माझं निम्मं आयुष्य माणसांची थुंकी सोसण्यात गेलंय.

जन्म माझा नाशकातलाच. जाड कागदाचे ताव शिवून, वर लाल खारव्याचं कापड चढवून मला बांधलं आणि ढुंढिराजगुरुजींनी घरी नेलं. गुरुजी तीर्थोपाध्याय होते. रामकुंडावर कुणी अस्थी घेऊन आलं, की विधी उरकल्यावर ते त्या गावाचं पान काढायचे आणि टाक पुढे करायचे. आलेल्यानं आपल्या हातानं लिहायचं. नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, कुणासाठी आलो. लिहिता येत नसेल त्याचं गुरुजी लिहायचे आणि तो खाली अंगठा उठवायचा. असं करत करत दिंडोरीकडच्या कितीतरी गावांची कुळं माझ्या पोटात येऊन बसली. आम्हाला नामावळी म्हणतात.

किळस यावी असे नमुने तेव्हाही होतेच. भावाच्या नावाला नाव लागू नये म्हणून अर्धं पान सोडून लिहिणारे पाहिले. बापाला जिवंतपणी पाणी न विचारणारा त्याच्या नावामागे 'तीर्थरूप' लावताना पाहिला. तंबाखू मळलेल्या बोटांनी तर माझे कोपरे कायमचे पिवळे केले. पण गुरुजी कुणालाही मागचा एक शब्द बदलू द्यायचे नाहीत. "लिहिलं ते राहिलं," म्हणायचे.

एक नोंद मात्र मला फार प्यारी होती. बासष्ट सालची. एकोणीस वर्षांची एक पोर बापाच्या अस्थी घेऊन एसटीनं एकटीच आली होती.

"बरोबर पुरुषमाणूस कुणी नाही?" गुरुजींनी विचारलं.

"भाऊ हाय, पर तो नाय आला. बापाशी बोलत नव्हता. मी आलेय ना!"

गुरुजी जरा घुटमळले. मुलीच्या हातून असलं काही त्यांनी कधी केलं नव्हतं. मग "चल," म्हणाले. विधी झाल्यावर त्यांनी तिच्याही पुढे टाक धरला. चौथी शिकलेली पोर, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जीभ दातांत धरून तिनं निळ्या शाईत लिहिलं, 'वडील रंगनाथ यांच्या अस्थी घेऊन मुलगी चतुरा आली. भाऊ वाल्मीक आला नाही.' पानभर बाप्यांची नावं, त्यात हीच काय ती एका बाईनं लिहिलेली ओळ.

पुढे गुरुजी गेले. त्यांचा नातू गौरांग कॉम्प्युटरवाला. त्यानं मला शहरातल्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयाला देऊन टाकलं. त्याला मी नावं ठेवत नाही, निदान रद्दीत तरी घातलं नाही. इथे मला कापडी बस्त्यात ठेवलं, डांबरगोळ्या दिल्या. जुन्या कागदांचा विभाग सांभाळणाऱ्या लतिकाताई फार स्वच्छ बाई. पेन बाहेर, पिशवी बाहेर, बोटाला थुंकी लावायची नाही, अशी पाटीच त्यांनी टेबलावर ठेवलीय. पाटी वाचतो कोण!

हल्ली आपली मुळं शोधण्याची साथ आलीय. रोज कुणी ना कुणी येतं. येणाऱ्याला पूर्वज नको असतो, सरदार हवा असतो. नांगर धरणारा आजा सापडला की तोंड वाकडं होतं. "अजून मागचं बघा ना मॅडम, काहीतरी असेल!" असेल कुठून? तुमच्या आज्यानं लाज न बाळगता स्वतःला कुळवाडी लिहिलंय, लाज तुम्हाला वाटते.

त्यातलेच हे खंडेराव. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सफारीच्या खिशाला पेनांची रांग, घराण्याचा कुलवृत्तांत छापायला घेतलेला. वाल्मीकचेच चिरंजीव, म्हणजे चतुराचे सख्खे भाचे. दहा-बारा खेपा घातल्या त्यांनी. दर पानाला अंगठा जिभेला. लतिकाताईंनी टोकलं की "हो हो, सॉरी," आणि पुढच्या पानाला परत जीभ बाहेर. 

एके दिवशी त्यांना चतुराची ओळ सापडली. वाचली, पुन्हा वाचली. कान लाल झाले. त्यांच्या पुस्तकात लिहून झालं होतं की वाल्मीकरावांनी पित्याच्या अस्थी खांद्यावर घेऊन नाशिकपर्यंत पायी नेल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. लतिकाताई पलीकडे कुणाला तरी कपाट उघडून देत होत्या. खंडेरावांनी अंगठा तोंडात घातला, चांगला ओला केला, आणि माझ्यावर दाबून घासला. एकदा नाही, तीनदा. साठ वर्षं जुनी शाई, बिचारी पसरली. जाताना म्हणाले, "ओल लागलीय हो मॅडम तुमच्या वहीला. काळजी घेत जा."

रुमालानं निळा अंगठा पुसत गेले. ती थुंकी माझ्या अंगावर वाळली. मला हात असते तर पान फाडून त्यांच्या तोंडावर मारलं असतं.

पंधरा दिवसांनी चतुराबाई आल्या. आता ऐंशी ओलांडलेली बाई, हाताला धरून आणलेलं नात वेदिकानं. भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुलवृत्तांताची पानं फिरली होती आणि ती वाचून नातीनं विचारलं होतं, "आजी, तू तर सांगायचीस की तू एकटी गेली होतीस?" घरातले सगळे हसले होते. म्हातारीला भास होतात म्हणाले. म्हणून आजीबाई पुरावा दाखवायला आल्या होत्या. त्यांच्या शब्दाला माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता.

लतिकाताईंनी पान उघडलं. वरच्या ओळी धड, खालच्या ओळी धड. मधे निळा फराटा, आणि त्याच्या टोकाला अंगठ्याचा स्वच्छ ठसा.

"इथंच व्हतं," चतुराबाई म्हणाल्या. "इथंच लिव्हलं व्हतं मी."

लतिकाताईंनी वाचकांचं रजिस्टर काढलं. बासष्ट सालचं हे पान शेवटचं कुणी मागितलं होतं, ते तिथे होतंच. "त्या दिवशी त्यांचा अंगठा निळा होता," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, पेन गळलं असेल."

"खंडूकाका?" वेदिका ओरडलीच. "शी! आजी, एवढा शिकलेला माणूस, आणि थुंकीनं?"

वाचनालयाची एक रीत आहे. पान खराब झालं की त्याला चिठ्ठी जोडायची. काय होतं, काय झालं, कुणाकडून, कधी. लतिकाताईंनी पेन्सिल घेतली. चतुराबाईंना विचारून पुसलेली ओळ जशीच्या तशी लिहिली. 'मुलगी चतुरा आली'पर्यंत म्हातारीचा आवाज खणखणीत होता. 'भाऊ वाल्मीक आला नाही' म्हणताना कापला, पण म्हणाल्या. पुढे लतिकाताईंनी लिहायला घेतलं, 'ही ओळ खंडेराव वाल्मीक...'

चतुराबाईंनी त्यांचा हात धरला.

"त्याचं नाव नका लिहू, बाई."

"अगं आजी, का? त्यानं तुला खोटं पाडलं!"

"त्याचीबी नातवंडं येतील उद्या हुडकायला. त्यांनी हे वाचायचं?"

 लतिकाताईंनी नाव खोडलं आणि लिहिलं, 'ओळ पुसली गेली.' चिठ्ठी माझ्या पानाला जोडली. चतुराबाईंनी तिच्यावरून हात फिरवला. कोरडा, खरबरीत, स्वच्छ हात. नातीला म्हणाल्या, "चल, द्वारका चौकात गाड्यांची गर्दी व्हईल."

कुलवृत्तांत परवा छापून आला. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, आणि वाल्मीकराव अस्थी घेऊन पायी निघालेले. एक प्रत खंडेरावांनी वाचनालयालाही भेट दिली. ती माझ्याच कपाटात, माझ्या शेजारी ठेवलीय. तिच्या वासानं मला झोप येत नाही.

चतुराबाईंनी त्याला माफ केलं. त्या माणूस आहेत, त्यांना तो अधिकार आहे. मी वही आहे. माफ करणं माझं काम नाही, लिहिलेलं ठेवणं हे माझं काम. त्या चिठ्ठीत जे नाव लिहू दिलं नाही, ते मी तुम्हाला सांगितलं. खंडेराव वाल्मीक. त्यांच्या नातवंडांपैकी कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, या. तुमच्या आजोबांचा अंगठा माझ्यापाशी आहे.