कुजबुजरावांचे डोळे

नटाला नाटकवाले प्रेमाने 'सरडा' म्हणत. ज्यांचं प्रेम नव्हतं तेही सरडाच म्हणत, त्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती. न्यायाधीश, दरोडेखोर, खाष्ट सासरा, पोरका मास्तर, म्हणाल तो रंग तो लावी.

उरलेल्या वेळात समाजसेवा. पूर आला की चादरी गोळा करणं, शिबिरांत भाषणं ठोकणं हे सगळं करून झाल्यावर तो नेत्रपेढीच्या कामात मुरला. कुणी गेलं की त्या घरी जायचं आणि घरच्यांकडे डोळे मागायचे. या कामाला सहसा माणूस मिळत नाही. जिथे आत्ताच आभाळ कोसळलंय तिथे काही मागायला जीभ रेटत नाही. नटाची रेटायची, कारण ती त्याची नसायची. वकिलाच्या घरी तो न्यायाधीश होऊन बोले, ट्रकवाल्याच्या घरी दरोडेखोर. पश्चात्ताप झालेला, अर्थात. "तुमच्यासारखं कुणाला जमत नाही हो," असं नेत्रपेढीची डॉक्टरीण म्हणायची. ते खरंच होतं.

त्या दुपारी कुजबुजराव गेले. विंगेत बसून, नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. सरड्याच्या निम्म्या टाळ्या हिशेबाने त्यांच्याच होत्या.

"उशीर नको," गाडीत थांबलेली डॉक्टरीण म्हणाली. "वेळ गेली की डोळे कामाचे राहत नाहीत."

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आतल्या खोलीत पलंगावर कुजबुजराव, वर गरगरणारा पंखा, खिडकीत त्यांचा जाड भिंगांचा चष्मा. बाहेरच्या खोलीत त्यांची बायको, म्हणजे नटाच्या वहिनी, आणि कुजबुजरावांचा धाकटा भाऊ. नट खुर्चीत बसला, खाकरला आणि त्याने न्यायाधीश बाहेर काढला.

"वहिनी, माणूस विझतो, पण..."

"पण त्याचा उजेड मागे उरतो," वहिनी नाक पुसत म्हणाल्या. "दुसरा अंक. आता तुम्ही काठी आपटता."

नटाच्या हातात काठी नव्हती. त्याला आठवलं, नवं नाटक आलं की कुजबुजराव घरी सगळं वाचून काढत आणि समोरची वाक्यं वहिनी वाचत. त्याने घाईघाईने मास्तर धरला. "या पोरक्या जगात, वहिनी, एकमेकांना..."

"हा मास्तर. रडायच्या आधी डावीकडे सरकता."

नट सरकलेलाच होता.

"काय हो, इथे नाटक चाललंय का?" भाऊ भडकला.

"चाललंय कुठलं? पडलंय," वहिनी म्हणाल्या.

अडल्यावर नट जन्मभराच्या सवयीने उजवीकडे बघायचा, तसंच त्याने आताही बघितलं. उजवीकडे आतल्या खोलीचं दार होतं. तिथून काही आलं नाही.

"मला त्याचे डोळे पाहिजेत," तो म्हणाला. "म्हणजे मला नव्हे. खाली डॉक्टरीणबाई थांबल्यात. एक बाई आहे, शिवणकाम करायची, तिला आता सुई दिसत नाही... म्हणजे काहीच दिसत नाही. वहिनी, मला नीट सांगता येत नाहीये. तो नाही, हेच अजून..."

आवाज बारीक होता, जरा नाकातला. असल्या आवाजाला कुणी भालदाराचंही काम दिलं नसतं.

"एवढ्या जाड भिंगांचे डोळे?" वहिनींनी विचारलं. "चालतील तिला?"

"चालतात. चष्म्याचा संबंध नाही. वरचा पारदर्शक पडदा तेवढा लावतात."

"आणि दादाचा चेहरा?" भाऊ म्हणाला. "लोक यायचेत अजून. खोबण्या बघायला बोलवायचं त्यांना?"

"तसं दिसत नाही. पापण्या मिटलेल्या राहतात. मी पाहिलंय."

"तुम्ही काय! न पाहिलेलंही पाहिल्यासारखं करता."

"माझ्या आईचं पाहिलंय," नट म्हणाला. "म्हणजे करताना नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो होतो. नंतर पाहिलं. झोपल्यासारखी दिसत होती."

इतक्या वर्षांत हे त्याने कुठल्याच घरी सांगितलं नव्हतं. त्याच्या कुठल्याच भूमिकेला आई नव्हती.

भाऊ काही बोलणार, तेवढ्यात वहिनींनी हात वर केला.

"मग आता काय करायचं असतं?"

"पंखा बंद करायचा, डोळे सुकतात. डोक्याखाली आणखी एक उशी. पापण्यांवर ओला कापूस."

"पंखा बंद करा, भावजी," वहिनी दिराला म्हणाल्या.

"एवढ्या उकाड्यात?"

"त्यांना नाही उकडत आता."

भाऊ उठला. बटण दाबून झाल्यावर तो तिथेच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनींनी कपाटातून कापूस काढला, वाटीत पाणी घेतलं आणि दोन्ही नटापुढे धरलं.

"हे तुम्ही करा. आणि करताना काही बोलू नका."

नट आत गेला. पहिला बोळा नीट पिळला गेला नव्हता, त्यामुळे थोडं पाणी कुजबुजरावांच्या कानाजवळ ओघळलं. ते त्याने बाहीने टिपलं आणि दुसरा बोळा पिळून ठेवला. बाहेर वहिनी जिन्यात वाकून डॉक्टरीणबाईंना हाक मारत होत्या. वर या म्हणून, आणि वळणावरची पायरी फुटलीय, जपून या म्हणून.