घटातला दहीभात

परसात माझा एक घट तपकिरी पडून लोंबत होता आणि त्यातून आंबलेल्या दहीभाताचा वास येत होता. पद्मावतीच्या हातातली वही उघडीच राहिली होती.

मित्रांनो, मी घटपर्णी; खासीच्या डोंगरांतून बंगळूरच्या एका कॉलेजात आलेली, आता वयस्क झालेली वेल. १९५८च्या उन्हाळी सुटीत पद्मावतीने मला बसवनगुडीतल्या आपल्या घरी आणले. माझ्या पचनाची चौदा दिवसांची टिपणे पुरी झाली, तरच तिला संशोधनाला जागा मिळणार होती. नऊ दिवस झाले होते.

माझी जन्मभूमी ओली, पण निकस. मातीने जे नाकारले, ते मी हवेतून उतरवून घ्यायला शिकले. पानाच्या टोकाला घट धरला, त्यावर झाकण, झाकणाखाली मध. मधाला भुललेली मुंगी काठावर येते. काठ निसरडा, आतली भिंत मेणचट. तळाशी माझा पाचक रस शांतपणे वाट पाहत असतो. काही दिवसांत तिचे मऊ शरीर त्यात विरघळते. उरते ते टरफल. पद्मावती हे भिंगातून श्वास रोखून पाही. तशी नजर मला पुन्हा लाभली नाही.

"दहीभात तुम्हीच घातलात ना, अक्का?" तिने विचारले.

तिच्या आत्या, वसुमतीअक्का, सोवळ्यात उभ्या होत्या. "घातला. स्वल्पच, नैवेद्यातला. मुकं झाड जीव मारून पोट भरतंय. म्हटलं, चांगली सवय लागली तर पापातून सुटेल बिचारं."

"मग मुंजही लावून टाक त्याची!" पद्मावतीचे वडील गुरुराज म्हणाले.

"तू गप रे, गुरू. घरात ही हिंसा नको. उद्याच कॉलेजात पाठव ते."

गुरुराजांचे हसू मावळले. कॉलेज बंद होते. तिथे मला पाणी घालायलाही कोणी नव्हते. पण या घरात अक्कांचा शब्द शेवटचा.

"सरी, तुम्ही म्हणाल तसं, अक्का. पण एकदा बघा तरी." पद्मावतीने माझ्या दुसऱ्या, धडधाकट घटावर भिंग धरले.

अक्का वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"दात नाहीत, नखं नाहीत," त्या पुटपुटल्या. "मग करतं कसं?"

"नुसत्या रसानं. आपलं पोट करतं तसंच."

मित्रांनो, कोणावर माया कराल तेव्हा आपल्या ताटातले वाढण्याआधी त्याची भूक कसली आहे, ते पाहून घ्या. अक्कांचा दहीभात मायेचाच होता. माझा घट मात्र त्याने कुजला.

"पाच दिवस राहू द्या ना, अक्का?"

वाऱ्याने माझा घट कलला. आतला रस सांडणार, तोच अक्कांनी हात पुढे करून तो सावरला. सोवळ्यातला हात, मेलेल्या मुंग्यांच्या घटाला. आता पुन्हा स्नान आले. "पाचच दिवस," म्हणत त्या विहिरीकडे चालू लागल्या.