एक तरी नापास

“आज एक तरी नापास कर,” दादा म्हणाले आणि चहाचा पेला वहिनींच्या टेबलावर ठेवला.

“टेबलावर पेला नको,” वहिनी म्हणाल्या.

दादांनी मुकाट्याने पेला उचलला. नवरा असला तरी तपासणीच्या टेबलावर त्यांचं काही चालत नाही, हे आमच्या अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

आमच्याकडे गाड्यांच्या चाकांचे हब ओततात. हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा लोखंडी गड्डा. त्याच्या भरवशावर चाक फिरतं आणि गाडीतली माणसं गप्पा मारत, डुलक्या काढत जातात. दादा भट्टीवरचे ओतारी. वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात सोडायचा तो त्यांनी. गार झालेला माल माझ्याकडे येतो, मी ग्राइंडरवर त्याचे कंगोरे घासतो आणि मग तो जातो शेजारच्या टेबलावर, वहिनींच्या दिव्याखाली. चीर दिसली, भोक दिसलं, की त्या ब्रशने लाल ठिपका देतात. ठिपका पडला की तो नग पुन्हा भट्टीत. पाठीमागे आम्ही त्यांना नापासबाई म्हणतो. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही.

या दोघांची ओळखच मुळी भांडणातून झाली. दादा नवीन होते तेव्हा त्यांचा दिवसभराचा माल वहिनींनी लाल करून परत पाठवला होता. दादा तावातावाने जाब विचारायला आले. ते भांडण अजून मिटलेलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. लग्न झालं, मुलं झाली, तरी ठिपके काही थांबले नाहीत. नवऱ्याचा माल म्हणून वहिनींनी कधी डोळेझाक केली नाही आणि उगाच कधी खोटही काढली नाही.

त्या दिवशी दादा निवृत्त होणार होते. आमच्यात एक रीत आहे. ओताऱ्याने शेवटच्या दिवशी ओतलेला एक नग त्याला घरी न्यायला मिळतो. पण चांगला माल गिऱ्हाइकाचा, तो असा कोणाला देता येत नाही. मिळतो तो नापास झालेला नग. यात आजवर कोणाची अडचण झाली नव्हती, कारण एवढ्या मालात एखादा तरी वाकडा निघतोच. दादांनी तर घरी टीव्हीच्या बाजूला जागासुद्धा करून ठेवली होती. नातीला दाखवायचं होतं. आजोबा काय काम करतात असं तिला विचारलं, की ती सांगायची, “घामाने भिजून येतात.”

“मग मुद्दाम एखादा बिघडवा की, दादा,” मी म्हणालो. “रस जरा निवू द्यायचा, झालं काम.”

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मशीनकडे तोंड वळवलं. “आज? मुद्दाम? अरे, हात तरी वळेल का माझा!”

आणि ते भट्टीकडे गेले. त्या सकाळी आम्ही सगळेच मधूनमधून काम सोडून त्यांच्याकडे बघत होतो. रसाची धार ना अडखळत होती, ना उसळत होती. साचा काठोकाठ भरला की मनगट जरासं वळायचं आणि धार तुटायची. जमिनीवर थेंब नाही. इतकी वर्षं शेजारी राहून मी हे काम कधी नीट पाहिलंच नव्हतं.

दुपारनंतर माल माझ्याकडून वहिनींकडे जायला लागला. पास. पास. पुन्हा पास. चांगल्या मालाची पेटी भरत चालली आणि आमची तोंडं उतरत चालली. हसू नका, पण माल चांगला निघतोय म्हणून कारखान्यात सुतकी चेहरे मी त्या दिवशीच पाहिले.

शेवटी शेवटी एका नगावर मला मोहरीएवढा काळा डाग दिसला. मी आनंदाने ओरडलोच, “वहिनी, हा बघा!”

वहिनींनी तो दिव्याखाली धरला. ब्रश रंगात बुडवला. आणि मग ब्रश डब्यावर आडवा ठेवून सुईसारखी तार घेतली. डाग जरा खरवडला. साच्यातल्या वाळूचा कण होता, टपकन खाली पडला. खालचं लोखंड स्वच्छ होतं.

“वहिनी, कोणी बघत नाहीये,” मी हळूच म्हणालो. “द्या ना एक ठिपका. घरीच तर जाणार आहे. कोणाचं काय बिघडतंय?”

त्या नग मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्यांना तो ठिपका द्यायचा होता, अगदी मनापासून द्यायचा होता. मी शेजारीच होतो, मला दिसत होतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी नग चांगल्या मालाच्या पेटीत ठेवला.

निरोपाला सगळे जमले. साहेबांचं भाषण झालं. “आता दादांचा नग आणा,” ते म्हणाले.

“एकही नाही,” वहिनी म्हणाल्या. “सगळा माल पास आहे.”

साहेब गडबडले. “मग दुसऱ्या कोणाचा पडलेला नापास नग असेल, तो...”

“नको साहेब. दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन घरी जाऊ का?” दादा म्हणाले. सगळे हसले. दादा मात्र हसले नाहीत.

नंतर डब्याची पिशवी घ्यायला ते टेबलापाशी आले. “ब्रशभर रंग मागितला होता,” ते म्हणाले. “तेवढाही दिला नाहीस.”

“ठिपका म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. ओताऱ्याचा हात चुकला, हे मी सगळ्यांना सांगते तो ठिपका.” वहिनी म्हणाल्या. “चुकला तेव्हा सांगितलंच की मी. आज नाही चुकला. मग कसं सांगू?”

दादांनी पेटीतल्या मालावरून हात फिरवला.

“सगळा पास?”

“सगळा.”

“नीट बघितलंस ना?”

“अहो!”

फाटकावर रखवालदार तयारच होता. “दादा, नग दाखवा. पिशवी तपासावी लागते, तुम्हाला माहीतच आहे.”

दादांनी पिशवी उघडली. आत रिकामा डबा होता.

“नग कुठंय? सगळे नेतात की.”

“सगळे नेतात,” दादा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड आणखी रुंद केलं. “तू बघ. पार तळापर्यंत बघ. काही सापडतंय का?”

रखवालदार वाकून आत बघायला लागला. दादा ताठ मानेने पिशवी धरून उभे होते, शेजारी वहिनी. मागे घरी जाणाऱ्यांची रांग खोळंबली होती. कोणीही घाई केली नाही.