प्रतिभाला कुणी सांगितलं नव्हतं

आदिलाबादच्या ज्युनिअर कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम तयार झाली, तेव्हा गोलात उभं राहायला एकच मुलगी पुढं आली. प्रतिभा. नेरडीगोंड्याची, शाळामास्तर संघपाल यांची मुलगी. हात लांब, आणि बॉल अंगावर आला तरी डोळे मिटायची नाही.

माणिकराव सर टीमला शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला मैदानाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीपाशी पाठवलं. भिंतीवर बॉल मार आणि झेल. इकडं बाकीच्या दहाजणी पास देणं शिकत, एकमेकींना हाका मारत, जागा बदलत. शेवटी गोलवर बॉल मारायची वेळ आली की सर तिला बोलवत. दहाजणी रांगेनं मारायच्या आणि ती अडवायची. मग घरी.

एकदा ती सरांकडं गेली.

"सर, मले बी घ्या ना त्यायच्यात. मागं मीच असतो. कोन कुठं जाते, काय बोलते, मले समजलं पायजे."

"कीपरले काय समजाचं असते?" सर म्हणाले. "बॉल आला का धराचा. तुह्यासाठी आमी सगळा खेळ थांबवाचा का?"

मुली हसल्या. प्रतिभा भिंतीकडं परत गेली.

सामने बेल्लमपल्लीला होते. पहिले दोन त्या जिंकल्या. दुसऱ्यात तर प्रतिभानं एकटीनं टीम वाचवली. तिसरा अंतिम सामना. बरोबरी चालली होती आणि वेळ संपत आली होती. समोरच्या टीमनं लांबून मारलेला बॉल भाग्यलक्ष्मीच्या डोक्यावरून मागं पडला. भाग्यलक्ष्मी ही तलमडुगुकडची, मागच्या फळीतली सगळ्यांत भरवशाची. ती वळून धावली आणि तिनं बॉल पायात घेतला. तोंड आपल्याच गोलकडं. एक मुलगी तिच्या पाठीवर आलेली.

प्रतिभा गोल सोडून पुढं आली होती. बॉल तिच्या हाताच्या टप्प्यात होता. ती ओरडली, "छोड!"

बॉल माझा आहे, तू बाजूला हो, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण दहाजणींच्या सरावात सरांनी या शब्दाला वेगळाच अर्थ लावून दिला होता. छोड ऐकलं की पायात बॉल ठेवायचा नाही, बघत बसायचं नाही, आहे तिथून मारायचा. महिनाभर त्यांनी तेच घोटलं होतं. भाग्यलक्ष्मीनं मारला. बॉल प्रतिभाच्या खांद्यावरून रिकाम्या गोलात गेला.

परतीच्या बसमध्ये सर पुढच्या सीटवर बसले. मग मागं वळून म्हणाले, "गोल सोडून पुढं आलीच काऊन तू? साऱ्यायची मेहनत मातीत घातली."

प्रतिभानं भाग्यलक्ष्मीकडं पाहिलं. भाग्यलक्ष्मी खिडकीबाहेर बघत होती.

छोडचा तो अर्थ प्रतिभाला कळला तो चार दिवसांनी, कॉलेजच्या नळावर. भाग्यलक्ष्मीनंच सांगितला.

"मले वाटलं तुले मालूम असंन."

"कसं असंन? मी होती का तुमच्यात?"

"नोती."

"मंग बसमदी काऊन नाई बोलली?"

भाग्यलक्ष्मीनं बाटलीचं झाकण लावलं. "राज्याच्या टीमसाठी नावं सरच पाठवणार हायेत. त्यायच्यापुढं कोन बोलते."

प्रतिभा स्वतः सरांकडं गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाले.

पुढच्या सोमवारी सरावाची पद्धत बदलली. कीपर पहिल्यापासून टीमसोबत. पास मागं कीपरकडं द्यायचा, कीपरनं कुठला शब्द ओरडायचा तोही ठरला. फक्त आता कीपर प्रीती होती, टीममध्ये नवीन घेतलेली, पहिल्या वर्षाची. प्रतिभाला सर म्हणाले, "तू राखीव राय. प्रीतीले जरा शिकव."

तिनं प्रीतीला शिकवलं नाही. दोन दिवस मैदानाच्या कडेला बसली आणि तिसऱ्या दिवशी आली नाही. घरी संघपालांनी विचारलं, तर अभ्यास आहे म्हणाली. त्यांना बरंच वाटलं.

त्याच वर्षी पुढची स्पर्धा टीमनं जिंकली. कॉलेजच्या हॉलमध्ये सत्कार झाला. माणिकराव सर माइकवर म्हणाले, "गोलकीपर म्हणजे अर्धी टीम. तिला सरावातून वेगळं काढणारा कोच कोचच नव्हे. मी पराभवातून शिकत आलेला माणूस आहे."

टाळ्या पडल्या. प्रीती लाजून हसली. भाग्यलक्ष्मी गळ्यातला हार सावरत होती. प्रतिभा मागच्या खुर्चीवर होती. शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसलं, "वाजव ना, तुहीच तं टीम व्हय."

तिनं वाजवल्या. मग नेरडीगोंड्याची बस गाठायला लवकर निघाली.