ग्रीत्ये म्हणजे ग्रेस

“ग्रेस, या नोंदीप्रमाणे तुम्ही एकोणीसशे सोळा सालीच गेलात,” वसुधा म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसली.

ग्रेस बोस्मा हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला, मायक्रोफिल्मच्या पडद्यावर वाकून ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. शेवटी खुर्चीच्या पाठीवरचा कोट अंगात घालत त्या म्हणाल्या की आज थकवा आलाय, घरी सोडतेस का.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्या वाचनालयात दर सोमवारी आपापल्या घराण्याचा माग काढणारी मंडळी जमत. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झाल्यावर वसुधाला घर खायला उठायचं, म्हणून ती तिथे मदतीला जाऊ लागली आणि डच लोकांचं टेबल तिच्या गळ्यात पडलं. मिशिगनच्या पश्चिमेला डच लोकांची गावंच्या गावं आहेत. त्यांची नातवंडं पणजोबांना शोधायला येत आणि ते सापडत नाहीत म्हणून हात हलवत परत जात. सापडणार कसे? बोटीतून उतरलेला क्लास इथे निकोलस नाहीतर क्लेरेन्स झालेला असे, डिर्कचा रिचर्ड, आल्त्येची ॲलिस. कुठल्या डच नावाचं इंग्रजीत काय होतं, हे वसुधाने हौसेने तोंडपाठ केलं. तिला त्यात काही नवल वाटत नसे. ती स्वतः माहेरची उल्का. सासूबाईंना ते नाव अपशकुनी वाटलं, म्हणून लग्नात तांदळात ‘वसुधा’ लिहिलं गेलं. पुढे हॉस्पिटलात वसुधा कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून ती सू झाली. एका जन्मात तीन नावं, आणि तिन्हींना ती निमूट ओ देत आली होती.

ग्रेस तिच्यापासून दोन घरं सोडून राहत. सत्याऐंशी वर्षांच्या, लग्न न केलेल्या, उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवलेल्या. आपल्या आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची सवय होईपर्यंत वसुधाला घाम फुटला होता. ग्रेसना आयुष्यात एकाच गोष्टीचा उलगडा हवा होता: आपलं नाव कुणाचं? डच घरात नाव असं हवेतून येत नाही, कुणाचं तरी चालवायला दिलेलं असतं. मोठ्या दोघी बहिणींना एकेका आजीचं नाव मिळालं आणि नावाबरोबर त्या आजीकडून चांदीचा चमचाही. ग्रेसना चमचा नाही की काही नाही. घरात त्या ग्रीत्ये, शाळेत बाईंनी केलेल्या ग्रेस. हे नाव कुणाचं असं विचारलं की आई म्हणायची, जा, टेबल मांड.

म्हणून गेले काही सोमवार दोघी ग्रेसच्या जन्मगावच्या चर्चच्या जुन्या नोंदी बघत होत्या. ग्रेसचा बाप्तिस्मा सतरा सालचा मिळाला. पण त्याच आईबापांची ग्रीत्ये नावाची मुलगी सोळा साली वारलेली निघाली. वसुधाने बेधडक ठरवून टाकलं की कुणीतरी साल लिहिताना डुलकी घेतली. दुसरी शक्यता तिच्या मनालाही शिवली नाही. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला ठेवायचं, हे कुठल्या आईला सुचेल?

त्याचा उलगडा संध्याकाळी फोनवर झाला. ग्रेस शांतपणे म्हणाल्या की त्यांच्या जुन्या लोकांत तशी रीतच होती. मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव. त्यांना ती ठाऊकही होती, फक्त ती आपल्याच बाबतीत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि नंतर उचलणंच बंद केलं. पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. वसुधा दोनदा बेल वाजवून परत आली. आपल्या त्या विनोदाची तिला इतकी लाज वाटत होती की तिचे पती शशिकांत काहीही विचारायला गेले की ती त्यांच्यावरच डाफरायची.

गुरुवारी तिने साजूक तुपातला शिरा केला आणि सरळ मागच्या दाराने आत गेली. ग्रेस स्वयंपाकघरात टेबलापाशी बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. शिऱ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

“आई मला हाक मारायची ना, सू,” त्या म्हणाल्या, “आणि मी येऊन समोर उभी राहिले की ती जरा वेळ नुसती बघत राहायची. काम सांगायचं विसरायची. मला वाटायचं माझं काहीतरी चुकलंय. शाळेत पहिली आले, तिच्या शेवटच्या आजारात तिचं सगळं मी केलं, तरी ते बघणं काही गेलं नाही. आता कळलं. ती मला हाक मारतच नव्हती. मी आपली उगीच जात राहिले.”

वसुधाने ताटली बाजूला सारली. आपण जे बोलणार आहोत ते मराठीत तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजीत ते त्या मानाने सोपं गेलं.

“आमच्याकडे उलट असतं, ग्रेस. गेलेल्या मुलाचं नाव आम्ही परत ठेवत नाही. एखाद्या घरात मुलं जगतच नसली, तर पुढच्याचं नाव धोंडू ठेवायचे, दगडू ठेवायचे. मृत्यूलासुद्धा तो नकोसा वाटावा म्हणून.” ती खुर्ची ओढून बसली. “आमच्या मिहीरच्या आधी मला मुलगी झाली होती. इथेच, डेट्रॉइटला. पाच महिन्यांची असताना गेली. गिरिजा तिचं नाव. शशिकांतनी त्याच आठवड्यात पाळणा कुणाला तरी देऊन टाकला, आणि तेव्हापासून ते नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं नाही. मी नाही, त्यांनी नाही. आम्हाला वाटलं असंच करायचं असतं.”

ग्रेसनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुमच्या आईला ते नाव रोज तोंडाने घ्यायला मिळालं,” वसुधा म्हणाली. “आणि घेतल्यावर कुणीतरी धावत आलं. हाक मारावीशी मलाही वाटायची हो. रोज वाटायची. पण मारली असती तर आलं कोण असतं? आई तुमच्याकडे बघत राहायची ना, ते दुसरं कुणी आलं नाही म्हणून नसेल. तुम्ही आलात, म्हणून असेल.”

हे खरं की खोटं, ते सांगायला ती आई आता नव्हती. पण वसुधाचा त्यावर विश्वास होता, आणि तो तिच्या आवाजात होता. ग्रेसनी ताटली पुढे ओढून एक चमचा शिरा खाल्ला.

“काय म्हणालीस तिचं नाव?”

“गिरिजा.”

ग्रेसनी ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. जमत नव्हतं, पण शाळेतल्या बाईंच्या चिकाटीने त्या ते म्हणत राहिल्या. “इंग्रजीत याचं काय होईल?” त्यांनी विचारलं. “तू तर यातली तज्ज्ञ.”

“काही नाही,” वसुधा म्हणाली. “ते तसंच राहू दे.”

घरी आल्यावर तिने शशिकांतना काही सांगितलं नाही. सांगायचं तिच्या खूप मनात होतं. शुक्रवारी जेवताना ती दोनदा सुरुवात करून भाजीत मीठ बरं पडलंय ना, यावर आली. मिटायची सवय लागलेलं तोंड असं एका दिवसात उघडत नाही.

शनिवारी दोघं नेहमीप्रमाणे बाजार करून कॉफीच्या दुकानात शिरले. शशिकांत म्हणाले, “तू ऑर्डर कर, मी खिडकीजवळचं टेबल पकडतो,” आणि पेपर घेऊन बसलेही. अशा ठिकाणी ते स्वतःला सॅम म्हणवून घेत. काउंटरवरची पोरगी पेला हातात धरून, पेन उघडून उभी होती. तिने पेल्यावर लिहायला नाव विचारलं.

वसुधाच्या ओठांवर सू आलं होतं. तिने ते गिळलं.

“गिरिजा,” ती म्हणाली आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

टेबलापाशी येऊन ती शशिकांतच्या समोर बसली. ते उघडलेल्या पेपरामागून गाड्यांच्या कारखान्यांबद्दल काहीतरी तक्रार करत होते आणि ती हूं हूं करत होती.

“गिरिजा,” पोरीने हाक मारली.

तक्रार मधेच थांबली. पेपर खाली आला. शशिकांतनी आधी दाराकडे पाहिलं, मग वसुधाकडे. वसुधाचे डोळे भरून आले होते, पण तिने मान खाली घातली नाही. तिला उठायचं होतं आणि उठवत नव्हतं.

कुणी येत नाही असं बघून पोरीने पेले पुढे सरकवले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पुन्हा हाक मारली, “गिरिजा.”

शशिकांतनी टेबलावर हात टेकला आणि ते उठले.

“आलो गं,” ते मराठीत म्हणाले, आणि काउंटरकडे गेले.