नारदाच्या गादीवरून

“मले तीच पोट्टी द्या, मॅडम. चष्मेवाली.”

सुमतीने असं म्हटलं तेव्हा अस्मिता मॅडमना नवल वाटलं. कॉलेजात पाली शिकायला चीनहून काही विद्यार्थी वर्षभरासाठी आले होते. मराठी त्यांना पुस्तकातली येत होती, पण जिभेवर बसली नव्हती. म्हणून प्रत्येकाला गप्पांचा एक जोडीदार द्यावा, आठवड्यातून एकदा दोघांनी बसून नुसतं बोलावं, असं मॅडमनी ठरवलं होतं. प्राध्यापक टाळत होते, मुलं लाजत होती. आणि ग्रंथालयात पुस्तकं लावता लावता ओव्या गुणगुणणारी ही बाई आपणहून पुढे आली होती.

“सुमतीताई, काय बोलाल तिच्याशी?”

“लय साचून हाय, मॅडम.”

मॅडम हसल्या. सुमती हसली नाही.

तिचा नवरा विश्वनाथ दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता आणि संध्याकाळी गल्लीतल्या राममंदिरात कीर्तनकार. नारदाच्या गादीवर उभा राहिला की हा कारकून कुठे जायचा कोण जाणे! आवाज असा, की समोरच्या म्हाताऱ्यांना आपली गेलेली माणसं आठवावीत. सुमती मागे झांजेवर. कथा रंगात आली की बुवा मध्येच थांबून पुढे बसलेल्या पोरांना विचारायचे, “काय गा पोट्टेहो, रामाले वनवासात कोणी धाडलं?” आणि पोरं छत उडेल असं ओरडायची, “कैकयीनंऽऽ!”

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला उड्डाणपुलावरून स्कूटरने येताना कापलेल्या पतंगाचा नायलॉनचा दोरा बुवांच्या गळ्याला लागला. धंतोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीव वाचवला. आवाज काही हाती लागला नाही. आता बोलायला गेले की घशातून नुसती हवा यायची. गळ्याभोवतीचं उपरणं ते घरातसुद्धा काढत नसत.

“चायना मांजा,” पोलीस म्हणाले. “चायना मांजा,” पेपरात आलं. गल्लीतले किराणावाले मधुकरराव, मंदिराचे पंच, दवाखान्यात नारळपाणी घेऊन आले तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते. “काय करता वहिनी, चायनावाले माजले. आपला माणूस असं करन काय?”

तेव्हापासून सुमतीच्या मनात एकच निखारा होता. पण एवढ्या मोठ्या देशाच्या थोबाडीत मारणार कशी? हात उचलायला समोर गाल तरी हवा. आता तो आला होता. चष्मा लावून, केसांना रबर बांधून, यूटिंग नावाचा.

पहिल्याच भेटीत सुमतीने डबा उघडून भिवापुरी मिरचीचा ठेचा तिच्यापुढे सरकवला. पोरीने भाकरीसोबत तो भरपूर घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं. सुमती बघत राहिली. नाक पुसून यूटिंग म्हणाली, “फार रुचकर आहे, मावशी. आमच्या गावात याहून तिखट असतं. अजून मिळेल का?”

“घे ना वं,” सुमती दातांवर दात ठेवून म्हणाली.

ठेच्याने भागणार नव्हतंच. तिला हवं होतं ते निराळं. या पोरीला घरी न्यायचं, तो गळा दाखवायचा आणि तिचा चेहरा पडताना बघायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी तिने यूटिंगला जेवायला बोलावलं. बुवांनी हात जोडून स्वागत केलं. पाट मांडलेले, वांग्याची भाजी उकळत असलेली. सुमतीने भाजीचा गॅस बंद केला, बुवांच्या मागे गेली आणि त्यांच्या गळ्यातलं उपरणं सरकन ओढलं.

“पाह्य इकडं. नीट पाह्य. हा मानूस गात होता. तुह्या देशाच्या दोऱ्यानं त्याचा गळा चिरला.”

बुवांनी तिचा हात धरला. तिने झटकला. बुवांच्या गळ्यातून निघालेल्या जांभळ्या दोऱ्याचं, दोन वर्षं जपलेलं भेंडोळं झांजेच्या पिशवीतून काढून तिने पोरीच्या पुढ्यात टाकलं.

यूटिंगने तो गळा बघितला. बराच वेळ बघितला, तोंड फिरवलं नाही. मग दोरा बोटांत धरून हळूच विचारलं, “हा कशासाठी असतो?”

“पतंगाले. दुसऱ्याचा पतंग कापाले.”

“कापायला?” तिला कळेना. “माझे आजोबा पतंग उडवतात. कोणाचा कापत नाहीत. मावशी, कापला तर तो माणूस रडेल ना?”

“मंग याले चायना काहून म्हनते लोकं?”

“मला माहीत नाही. हा कोणत्या दुकानातून आणला होता?”

दोन वर्षांत एवढी माणसं येऊन गेली, हळहळली, नारळपाणी देऊन गेली. हे कोणी विचारलं नव्हतं. सुमतीनेही नाही.

तिने बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान खाली घातली.

“तुमाले मालूम हाय!”

“राहू दे,” बुवांच्या घशातून हवा आली.

सुमती दोरा घेऊन तशीच गच्चीवर गेली. गल्लीतली पोरं पतंगांना कण्या बांधत होती.

“हा कुठं भेटते रे?”

“मधुकर काकाच्या दुकानात,” पोरं एका आवाजात म्हणाली. “मागच्या दारानं, काकू. बंदी हाय ना! दुसऱ्या कोनापाशी हा जांभळा नाई भेटत. काका चायना म्हनते, पन त्यायचा भाचाच बनवते, गावाबाहेरच्या शेडमधी.”

सुमती खाली आली. उपरणं उचलून तिने बुवांच्या खांद्यावर ठेवलं. भाजी पुन्हा गॅसवर चढवली. पहिली गरम पोळी यूटिंगच्या ताटात वाढली, तिच्यावर तूप घातलं, मग आणखी घातलं. माफीचे शब्द तिला सापडले नाहीत. पोरीने मागितलेही नाहीत. निखारा विझला नव्हता. त्याला आता घराचा पत्ता मिळाला होता.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी मंदिरात सुमती स्वतः नारदाच्या गादीवर उभी राहिली. तिने विचारलं तेव्हा मधुकरराव गहिवरलेच होते, “धन्य आहे वहिनी! बुवाची गादी चालवा.” श्रीफळ आणि हार त्यांनीच आणला. नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीत बसले, चुळबुळ करणाऱ्या पोरांवर डोळे वटारून म्हणाले, “आरती होईपर्यंत कीर्तनातून उठाचं नाई, सांगून ठेवतो.” मागे झांजेवर विश्वनाथबुवा होते. पोरांच्या मागे यूटिंग मांडी घालून बसली होती.

सुमतीचा गळा गोड नव्हता, पण ठाम होता. पूर्वरंगात तिने लोभाचं निरूपण केलं. उत्तररंगात कथेला हात घातला. “आटपाट नगर होतं. तिथं एक बुवा होते. देवानं त्यायले गळा देल्ला होता...”

कोणाची कथा ते कळायला वेळ लागला नाही. बायकांचे पदर डोळ्यांना गेले. मधुकररावांनीही रुमाल काढला. सुमती दोऱ्यापर्यंत आली, गळ्यापर्यंत आली आणि थांबली. नवरा थांबायचा तशीच.

“काय गा पोट्टेहो, तो मांजा कोनं विकला?”

पोरांना सवय होती. छत उडेल असं ओरडली, “मधुकर काकानंऽऽ!”

झांजेचा एक ठोका चुकला.

मग ठेका पुन्हा सुरू झाला. मधुकरराव उठले नाहीत. उठायचं नव्हतंच, आरती व्हायची होती. सगळं मंदिर त्यांच्या पाठीकडे बघत होतं आणि आपल्या हातातल्या रुमालाचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं.

आरती झाली. सुमती बुक्क्याची वाटी घेऊन खाली उतरली. म्हाताऱ्यांच्या कपाळी, बायकांच्या कपाळी, पोरांच्या कपाळी तिने बुक्का लावला. यूटिंगने चष्मा काढून मान पुढे केली. सुमतीने तिच्या कपाळावर बोट जरा जास्तच वेळ ठेवलं.

पहिली ओळ तिने शेवटी घेतली होती. मधुकररावांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं होतं. मागे बुवांनी झांज थांबवली. सुमतीच्या चिमटीत बुक्का होता. तिने तो वाटीत परत टाकला, वाटीवर झाकण ठेवलं आणि ती झांजेची पिशवी बांधायला लागली.

मधुकररावांचे डोळे अजून मिटलेलेच होते.