देवदूतांखालचा उजेड

सफोकमधल्या मिकलफोर्ड गावच्या चर्चला छताशी लाकडी देवदूत आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. धड पाहिले मात्र कुणीच नव्हते. शतकानुशतकं ते बिचारे पंख पसरून अंधारात लटकले होते. रेव्हरंड ॲम्ब्रोज थर्लो यांनी त्यांना उजेडात आणायचा विडा उचलला, तेव्हा चर्चच्या समितीत कुणी हूं की चूं केलं नाही. इंग्रज माणूस एक वेळ छत कोसळू देईल, पण चहाच्या टेबलावर पहिला विरोध आपल्या तोंडून जाऊ देणार नाही.

अपवाद एकट्या मिसेस गॅरडचा. "दिवे कशाला हवेत? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, रेव्हरंड."

या म्हाताऱ्या बाईंना रेव्हरंड होता होईल तो टाळायचे. दर रविवारी प्रवचन संपलं की ते दाराशी उभे राहून एकेकाचा हात हातात घेत. सगळं गाव म्हणे, "सुंदर प्रवचन, रेव्हरंड!" आणि गॅरडबाई म्हणत, "योनाला देवमाशाने गिळलं नव्हतं. बायबलात नुसता 'मोठा मासा' आहे. आणि तुमच्या भावाच्या बकरीची गोष्ट ईस्टरला सांगून झालीय." दुधात मिठाचा खडा टाकावा तो याच बाईने.

बाकीच्या गावाबद्दल रेव्हरंडना खात्री होती. व्यासपीठावरून अंधुक उजेडात त्यांना बाकांवरच्या खाली झुकलेल्या माना दिसत. पश्चात्तापच तो, दुसरं काय! एकदोनदा तर कुणाचा तरी दाबलेला हुंदकाही त्यांनी ऐकला होता. इतकी वर्षं या आडगावात काढली, बढतीची आशा सोडली, ती त्या झुकलेल्या मानांच्या भरवशावर.

लंडनहून आलेल्या दिवेवाल्या मिस्टर फेलने नकाशा पसरून सांगितलं, "प्रवचनाच्या वेळी बाक अंधारात ठेवू. उजेड फक्त देवदूतांवर आणि तुमच्यावर."

"छे छे! बाकांवर आधी हवा. लोकांचे पाणावलेले डोळे मला दिसले पाहिजेत."

फेल जरा घुटमळला. "पुष्कळ चर्चं उजळलीत मी, रेव्हरंड. माझं ऐका."

"मी माझी माणसं ओळखतो."

"मग तुमची मर्जी," फेल म्हणाला आणि त्याने नकाशा गुंडाळला.

सुगीच्या सणाचा रविवार उजाडला. वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, पावांची रास. कळ दाबली आणि देवदूत उजळले. साऱ्यांनी माना वर करून "अहाहा" केलं, मग माना अवघडल्या म्हणून खाली घेतल्या. रेव्हरंड महापुरात जीवमात्रांना वाचवणाऱ्या नोहाच्या तारवावर बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांनी मोठ्या आशेने खाली पाहिलं.

समितीचे प्रमुख बॉरेट छातीवर हनुवटी टेकून गाढ झोपले होते. तो हुंदका त्यांचाच. आता त्याला घोरणं म्हणावं लागत होतं. मिस कटिंगची मान मोज्याच्या विणकामात झुकली होती. डॉक्टर आणि त्यांची बायको भजनाच्या पुस्तकात शब्दकोडं लपवून सोडवत होती. देवदूत तेवढे डोळे उघडे ठेवून होते, कारण लाकडाला पापण्या मिटता येत नाहीत.

इतकी वर्षं आपण उशांना उपदेश करत होतो तर! रेव्हरंडना रडावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त चीड आली.

"मग नोहाने," ते त्याच गंभीर सुरात म्हणाले, "ते तारू आपल्या इप्सविचच्या बाजारात विकलं आणि दोन डुकरं घेतली."

एकही मान हलली नाही.

"कितवा अध्याय?" तिसऱ्या बाकावरून आवाज आला. मिसेस गॅरड ताठ बसल्या होत्या, चष्मा नाकावर आणि नजर थेट व्यासपीठावर.

दाराशी बॉरेटनी नेहमीसारखा हात दाबला. "सुंदर प्रवचन, रेव्हरंड! नोहाच्या भागाला तर डोळ्यांत पाणी आलं."

सगळ्यांत शेवटी गॅरडबाई आल्या. "डुकरं कुठून काढलीत? तब्येत बरी आहे ना?"

रेव्हरंडनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, तो बराच वेळ सोडेचनात. बाई अगदी संकोचून गेल्या.

पुढच्या रविवारी प्रवचनाला सगळे बाक पुन्हा अंधारात होते. उजेड होता तो तिसऱ्या बाकावर, एकाच जागी.

"डोळ्यांवर येतो तो दिवा," बाईंनी दाराशी तक्रार केली. "काढा."

"नाही काढणार."

"ठीक आहे. मग मी टोपी घालून येईन."

आणि त्या आल्या, रुंद काठाची गवती टोपी भुवयांपर्यंत ओढून. आता बाई जाग्या आहेत की त्यांनाही डुलकी लागलीय, हे वरून कळायला मार्ग उरला नाही. तेव्हापासून रेव्हरंड दर प्रवचनात एक चूक मुद्दाम पेरतात, आणि श्वास रोखून त्या टोपीकडे बघत राहतात. ती वर होईपर्यंत पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही.